छतावरची चिमणी रात्री तीनलाच का ओरडते?

गेल्या जानेवारीत आम्ही दोघं न्यू जर्सीला लेकीकडे होतो. एका पहाटे सव्वातीनला हिने मला हलवलं. "अहो, ऐका ना. घरात चिमणी शिरलीय वाटतं." मी कान टवकारले. काहीच नाही. पांघरूण परत ओढून घेतलं आणि तेवढ्यात आली: एकच, सुईसारखी टोचणारी 'चिक्'. मग मिनिटभर शांतता. मग पुन्हा 'चिक्'.

बाहेर उणे आठ. चिमणी कुठली यायला! आवाज होता स्मोक अलार्मचा, म्हणजे धूर आला की बोंब ठोकणारी जी पांढरी तबकडी तिकडे घरोघरी छताला लावलेली असते, तिचा. जावई उठले, पॅसेजमध्ये स्टूल ओढलं, तबकडी फिरवून खाली उतरवली, बॅटरी उपटली आणि "बाबा, झोपा तुम्ही, उद्या बघतो" म्हणून निघून गेले. पुढच्या मिनिटाला 'चिक्' आलीच. सकाळी कधीतरी ती आपली आपणच थांबली. उतरवलेली तबकडी फ्रिजवर गेली आणि पुढचे अकरा दिवस केळ्यांच्या शेजारी पडून राहिली.

कारखान्यांतली मोजमापाची यंत्रं दुरुस्त करण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे मला ही गोष्ट डाचत राहिली. आवाजाचा त्रास फारसा वाटला नाही, ती केळ्यांशेजारची तबकडी मात्र डोळ्यांना खुपायची. अमेरिकेत आगीपासूनच्या संरक्षणाचे नियम बनवणारी एनएफपीए नावाची संस्था आहे. तिची आकडेवारी सांगते की, तिथे घरांना लागलेल्या आगींत जे लोक मरतात, त्यांतल्या दर पाचांपैकी जवळपास तिघं अशा घरांत असतात जिथे अलार्म नव्हता किंवा होता पण चालत नव्हता. चालत का नव्हता? बहुतेक वेळा बॅटरी काढून ठेवलेली, नाहीतर संपलेली. म्हणजे यंत्र बिघडण्याआधी माणूसच त्याला वैतागतो. आणि वैतागतो ते बहुधा क्षुल्लक, दहा मिनिटांत सुटणाऱ्या कारणासाठी.

आत नेमकं असतं काय?

दोन जाती आहेत. पहिली सोपी आहे. दुपारी अंधाऱ्या माजघरात कौलातून कवडसा पडतो तेव्हा हवेतली धूळ कशी चमकताना दिसते? आपण कवडशाच्या वाटेत उभे नसतो, बाजूला बसलेले असतो, तरी दिसते, कारण धुळीचा कण प्रकाश इकडेतिकडे उडवतो. अगदी हेच. तबकडीच्या आत एक काळी डबी, तिच्यात एक बारीक दिवा आणि एक प्रकाश ओळखणारा डोळा. दिवा डोळ्याच्या समोर नसतो, तिरका लावलेला असतो. एरवी डोळ्याला अंधारच दिसतो. धूर डबीत शिरला की कण चमकतात, डोळ्याला उजेड दिसतो आणि भोंगा वाजतो. याला फोटोइलेक्ट्रिक म्हणतात. आपण प्रकाशवाला म्हणू.

दुसऱ्या जातीत अमेरिशियम नावाच्या किरणोत्सर्गी मूलद्रव्याचा कण असतो. त्यातून निघणारे किरण डबीतल्या हवेवर विद्युतभार चढवतात आणि त्या हवेतून अगदी किरकोळ वीज वाहू लागते. स्लॅब टाकताना मजूर रांग करून हातोहात घमेली पुढे सरकवतात, तसं समजा. धुराचे कण म्हणजे त्या रांगेत घुसून मजुरांच्या गळ्यात पडणारी माणसं. घमेली सरकायची थांबतात, मुकादमाच्या लक्षात येतं, शिट्टी वाजते. हा आयनवाला.

याची एक गंमत सांगतात. १९३०च्या दशकात वॉल्टर येगर हा स्विस शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारं यंत्र करत होता. वायू सोडला, काटा हलेना. वैतागून त्याने सिगरेट शिलगावली आणि काटा हलला. घरात लावता येतील असे स्वस्त, बॅटरीवर चालणारे अलार्म यायला त्यानंतरही १९६०-७०चं दशक उजाडावं लागलं.

दोघांचे स्वभाव वेगळे. भडकून पेटलेल्या आगीतून अगदी बारीक कण निघतात, ते आयनवाला आधी पकडतो. गादीत सिगरेट पडून तासभर धुमसत राहिली तर कण मोठे असतात, तिथे प्रकाशवाला आधी जागा होतो. माणसं झोपलेली असताना आग पुष्कळदा अशी धुमसतच वाढते. म्हणून एकच घ्यायचा तर मी प्रकाशवाला घेईन. दोन्ही एकत्र असलेलेही मिळतात.

फोडणी दिली की का ओरडतो?

आपल्या लोकांची सगळ्यात मोठी तक्रार हीच. तेल पुरेसं तापलं की त्यातून डोळ्यांना जेमतेम दिसतील इतके बारीक थेंब हवेत उडतात. मोहरी तडतडली, मिरची पडली, की हा ढग छताकडे निघतो. आयनवाल्याला बारीक कणांचंच वेड, त्यामुळे त्याच्या लेखी फोडणी ही आगच. कापराचंही तेच, कारण कापूर जळताना भरपूर काजळी धरतो. प्रकाशवाला फोडणीला थोडा सोसतो. त्याचं दुखणं वेगळं: वाफ. गरम पाण्याने आंघोळ करून कोणी न्हाणीघराचं दार उघडलं की बाहेरचा प्रकाशवाला किंचाळलाच म्हणून समजा.

त्यात तिकडच्या घरांची एक खोड आहे. आपला एक्झॉस्ट पंखा धूर सरळ गच्चीकडे नाहीतर शेजाऱ्याकडे फेकतो. तिथे कित्येक घरांत शेगडीवर मायक्रोवेव्ह बसवलेला असतो आणि त्याच्या खालचा पंखा हवा ओढतो, जाळीतून गाळतो आणि परत स्वयंपाकघरातच सोडतो. लेकीकडे मी पंख्यापुढे हात धरून पाहिला. वरच्या झडपेतून गरम, लसणीच्या वासाची हवा थेट माझ्या कपाळावर. आता या पंख्याच्या भरवशावर ठेचा कोण करणार?

उपाय अंतराचा आहे. शेगडीपासून अलार्म निदान १० फूट लांब हवा. १० ते २० फुटांच्या पट्ट्यात लावावा लागलाच तर प्रकाशवाला, नाहीतर 'हश'चं बटण असलेला. हे बटण दाबलं की अलार्म काही मिनिटं कानाडोळा करतो आणि मग आपोआप पुन्हा पहाऱ्यावर येतो. बॅटरी काढणं आणि हश दाबणं यांत फरक इतकाच की काढलेली बॅटरी आपोआप परत जात नाही. स्वयंपाकघरात काहीतरी हवंच असेल तर हीट अलार्म लावावा. त्याला धुराशी देणंघेणं नाही, तापमान साधारण ५७-५८ अंशांवर गेलं तरच तो वाजतो. स्कॉटलंडमध्ये तर फेब्रुवारी २०२२पासून प्रत्येक घरात स्वयंपाकघराला हीट अलार्म आणि बैठकीच्या खोलीला नि पॅसेजला स्मोक अलार्म, तेही एकमेकांना जोडलेले, असं कायद्यानेच लागतं. एक ओरडला की सगळे ओरडतात.

अमेरिकेतल्या अलार्मच्या नव्या मानकात स्वयंपाकाच्या धुराला उगाच ओरडू नये म्हणून एक चाचणी घातली आहे. त्यासाठी काय भाजतात माहीत आहे? हॅम्बर्गर. हिंग-मोहरीची चाचणी अजून कोणी घेतलेली नाही.

पूजेच्या दिवशी तबकडीवर शॉवर कॅप चढवणारी मंडळीही मी पाहिली. सत्यनारायण आटोपतो, प्रसाद संपतो, पाहुणे जातात, कॅप तशीच. झाकायचंच असेल तर त्या कॅपला एक लांब लाल दोरा बांधा आणि तो डोळ्यांसमोर लोंबू द्या. त्याहून बरं म्हणजे होम आणि धूप खिडकीशी करा आणि हश वापरा.

आवाजाची भाषा

अलार्म एकाच आवाजात ओरडत नाही. तीन लांब हाका, थोडी उसंत, पुन्हा तीन: ही धुराची खूण. चार पटापट हाका, उसंत, पुन्हा चार: हा कार्बन मोनॉक्साइडचा इशारा. अर्धवट जळणातून निघणारा हा वायू रंगहीन, वासहीन आणि जीवघेणा. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, त्यातला आरोपी हाच. चार हाका ऐकल्या तर कुठून येतो हे शोधत बसायचं नाही. आधी सगळ्यांनी घराबाहेर, मग फोन.

आणि मिनिटाला एक 'चिक्' म्हणजे आगबिग काही नाही. यंत्र सांगतंय, मला बरं नाही. बॅटरी उतरली आहे, आत धूळ आहे, किंवा माझं वय झालं. तिन्हींत पहिलं कारण सर्वांत जास्त.

पण रात्री तीनलाच का?

बॅटरी रासायनिक वस्तू आहे. थंडीत तिच्या आतली क्रिया मंदावते आणि वीज बाहेर पडायला जास्त अडथळा होतो. डिसेंबरच्या सकाळी बाइकला चार-चार वेळा सेल्फ मारावा लागतो, त्यातलाच प्रकार. अलार्म ठरावीक वेळाने बॅटरीवर थोडा भार टाकून बघतो की विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, किती खाली येतोय. उतरत आलेली बॅटरी दिवसा घर उबदार असताना ही परीक्षा काठावर पास होते. रात्री हीटर कमी केलेला असतो, छताजवळची हवा गार होत जाते आणि पहाटे तीन-चारला ती परीक्षेत नापास होते. 'चिक्'. सकाळी घर तापलं की पुन्हा पास. म्हणूनच आमच्याकडे आवाज आपोआप थांबला. माणसाला वाटतं, दुखणं गेलं. ते फक्त संध्याकाळपर्यंत झोपलेलं असतं.

आता दुसरं कोडं. तबकडी उतरवली, बॅटरी काढली, तरी 'चिक्' का येत राहिली? कारण जावयांनी भलतीच उतरवली होती. गुन्हा एकीचा, फाशी दुसरीला!

यात त्यांची चूक नाही. आवाज कुठून येतो हे आपण दोन युक्त्यांनी ओळखतो. खर्जातला आवाज कुठल्या कानाला आधी पोचला, यावरून. आणि फार उंच पट्टीतला आवाज कुठल्या कानाला जोरात आला, यावरून, कारण उंच आवाजाला डोक्याचा आडोसा होतो. अलार्मचा आवाज असतो सेकंदाला सुमारे ३,००० कंपनांचा. हा नेमका अधलामधला पट्टा, जिथे दोन्ही युक्त्या लंगड्या पडतात. त्यात 'चिक्' क्षणभराची, आणि भिंतींवर आपटून चारही बाजूंनी येते. म्हणून एका जागी उभं राहून शोधू नये. प्रत्येक तबकडीच्या अगदी खाली जाऊन पुरतं मिनिटभर थांबायचं. ज्या ठिकाणी आवाज कानात सुई घातल्यासारखा येईल, ती. मी दुसऱ्या रात्री स्वेटर घालून असाच फिरलो. सापडली नातवंडांच्या खोलीत.

याच आवाजाचा आणखी एक तोटा. उतारवयात उंच पट्टीचे आवाज कानातून आधी जातात. मला ती 'चिक्' हिच्यापेक्षा निम्मीच ऐकू येत होती. लहान मुलं तर गाढ झोपेत अलार्म वाजला तरी कूस बदलून झोपतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी ५२० कंपनांचे, खर्जातले अलार्म मिळतात, आणि उशीखाली ठेवायची थरथरणारी चकतीही मिळते. आईवडील घरात असतील तर त्यांच्या खोलीपुरता हा खर्च करावा.

नवी बॅटरी घातली, तरी थांबेना

इथे बहुतेक लोक हार मानतात. मीही नातवंडांच्या खोलीतल्या तबकडीत नवी चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी बसवली. दहा मिनिटांनी 'चिक्'.

पहिला संशय बॅटरीवरच घ्यावा. ड्रॉवरमधून काढलेली 'नवी' बॅटरी तीन वर्षं जुनी असू शकते. रिचार्जेबल चालत नाही, स्वस्तातली साधीही नको. तबकडीच्या पाठीवर कुठली घालायची ते छापलेलं असतं, बहुधा अल्कलाइन किंवा लिथियम. मग बॅटरीच्या टोकांना धरणाऱ्या पितळी पट्ट्या पाहाव्यात. वाकलेल्या, काळपट पडलेल्या असतील तर कोरड्या फडक्याने पुसाव्यात. बॅटरीचं झाकण 'टक्' आवाज होऊन बसलं पाहिजे. केसभर उघडं राहिलं तरी यंत्र रुसतं.

मग आतली जुनी वीज काढून टाकायची. नळ बंद केला तरी पाइपातलं पाणी जरा वेळ ठिबकत राहतं, तशी सर्किटमध्ये थोडी वीज साठून राहते आणि जुनी तक्रार यंत्राच्या डोक्यात तशीच असते. बॅटरी काढा, टेस्टचं बटण १५-२० सेकंद दाबून धरा, मग बॅटरी घाला. बरेच अलार्म इथे शहाणे होतात. घराच्या विजेवर चालणारे असतील तर आधी त्यांचा ब्रेकर पाडून, कनेक्टर सोडवून हेच करायचं. त्यांच्यातही राखीव बॅटरी असते आणि 'चिक्' तीच करते, हे लोक विसरतात. हिरवा दिवा लागलाय म्हणजे वीज आहे. बॅटरी ठीक आहे असं तो सांगत नाही.

एवढं करूनही आमची ऐकेना. तेव्हा मी चष्मा लावून तिला उलटी केली. मूळचं पांढरं प्लास्टिक जुन्या स्विचबोर्डासारखं पिवळं पडलेलं. पाठीवर धुळीखाली बारीक अक्षरांत तारीख: मे २०१२. लेकीने हे घर घेण्याच्याही आधीची.

स्मोक अलार्मचं आयुष्य १० वर्षं, तेही विकत घेतल्यापासून नाही, बनवल्याच्या तारखेपासून. डबीतली काळी भिंत धुरकट होते, डोळा मंदावतो, भोंग्याची पत्री थकते. बरेचसे अलार्म वय झालं की स्वतःच 'चिक्' करून निवृत्ती मागतात, आणि मग बॅटरी सोन्याची घातली तरी उपयोग नाही. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं आयुष्य बहुधा याहूनही कमी, तेही पाठीवर लिहिलेलं असतं. हल्ली १० वर्षांची सीलबंद बॅटरी असलेले अलार्म मिळतात. बॅटरी काढताच येत नाही, हाच त्यांचा मोठा गुण. फोडणीला वैतागलेल्या माणसापुढे ते निदान शाबूत राहतात.

घरातल्या सगळ्या तबकड्या आम्ही उलट्या करून पाहिल्या. एकीचंही वय शिल्लक नव्हतं. फ्रिजवरचीचंही नाही.

बटण दाबलं, वाजला. म्हणजे झालं ना?

अर्धंच झालं. टेस्टचं बटण बॅटरी, सर्किट आणि भोंगा तपासतं. धूर आत शिरतोय की नाही हे त्याला कळत नाही. रंगाऱ्याने छताबरोबर तबकडीच्या फटींवरही ब्रश मारला असेल, वर शॉवर कॅप असेल, तरी बटण दाबल्यावर ती खणखणीत वाजेल. घराला पहारेकरी ठेवला आणि त्याचे डोळे बांधले, तर हाक मारल्यावर तो "जी साहेब" म्हणणारच.

म्हणून महिन्यातून एकदा बटण दाबणं आणि वर्षातून एक-दोनदा सफाई. व्हॅक्युम क्लीनरचा मऊ ब्रश बाहेरून सगळ्या फटींवर फिरवायचा, बस. पाणी नाही, कॉलिनसारखा फवारा नाही, उघडून आत कापूस नाही. बारीक किडे आणि कोळी प्रकाशवाल्याच्या डबीत शिरून बसतात आणि मध्यरात्री विनाकारण तीन-तीन हाका सुरू होतात, त्यावरही हाच उपाय. रंगकाम, फरशी घासणं, सुतारकाम असेल तेव्हा तबकडी उतरवून पिशवीत ठेवावी आणि संध्याकाळी परत चढवावी.

महिन्याची आठवण कशी ठेवायची, यावर हिने तोडगा काढला. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत सगळे घरात असतातच, त्या वेळात बटण दाबायचं. मोदकाआधी भोंगा. लेकीच्या कॅलेंडरवर आता तसं लिहून ठेवलंय.

जागेचंही थोडं सांगतो. प्रत्येक झोपायच्या खोलीत एक, खोल्यांबाहेरच्या पॅसेजमध्ये एक, प्रत्येक मजल्यावर निदान एक. धूर वर जातो म्हणून छताला, आणि भिंतीवर लावायचा तर छतापासून १२ इंचांच्या आत. पंख्याच्या पात्यांच्या टोकापासून ३ फूट दूर, नाहीतर पंखा धूर आत शिरूच देत नाही.

"त्यात किरणोत्सर्गी पदार्थ असतो म्हणे!"

आयनवाल्यात असतो, प्रकाशवाल्यात नाही. असतो तोही ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहून कमी. त्याचे अल्फा किरण कागदाच्या कपट्याने अडतात, काही सेंटीमीटर हवेतच दमतात, डबीबाहेर येत नाहीत. छताला लावलेला असताना काही धोका नाही. मात्र तो फोडायचा नाही, जाळायचा नाही, पोरांना खेळायला द्यायचा नाही. त्या अमेरिशियमची ताकद निम्मी व्हायला ४३२ वर्षं लागतात, म्हणजे सर्किट मेलं तरी तो कण तसाच. जुना परत घेण्याची सोय काही उत्पादक कंपन्या ठेवतात.

"आपली घरं सिमेंटची, आपल्याला काय गरज?"

पुण्यात परतल्यावर हा प्रश्न मला सोसायटीत चौघांनी विचारला. तिकडे घरं लाकडी, खरं आहे. पण सिमेंट जळत नसलं तरी सोफा जळतो. फोमची गादी, नायलॉनचे पडदे, प्लायवूडचं फर्निचर, हे सगळं आपल्याही घरात आता तेवढंच आहे. अमेरिकेतल्या यूएल संस्थेच्या आग-संशोधकांचं म्हणणं असं की, चाळीसेक वर्षांपूर्वी घराला आग लागल्यावर बाहेर पडायला सुमारे १७ मिनिटं मिळायची, आता ३ किंवा त्याहून कमी. फरक पडला तो सामानामुळे. आणि जीव घेतो तो बहुतेक वेळा धूर, ज्वाळा नव्हे. ऑक्टोबर २०२३मध्ये गोरेगावच्या जय भवानी इमारतीत मध्यरात्रीनंतर खाली पार्किंगमध्ये आग लागली. वर झोपलेल्यांपर्यंत धूर पोचला आणि किमान सात जण गेले. इमारत सिमेंटचीच होती.

"वास येईल की!" हाही एक समज. झोपेत नाक जवळजवळ बंदच असतं. धुराच्या वासाने माणूस जागा होईल याचा भरवसा नाही, आवाजाने होतो. त्यात आता बेडरूमला एसी, म्हणून दारंखिडक्या बंद. बाहेरच्या खोलीत स्कूटरची लिथियम बॅटरी रात्रभर चार्जिंगला. ती पेटली तर वेळ मिनिटांत नाही, सेकंदांत मोजायचा असतो.

बॅटरीवरचा साधा अलार्म आता आपल्याकडेही ऑनलाइन मिळतो. घेताना यूएल २१७ किंवा ईएन १४६०४ हे मानक पाळलेलं आहे का, एवढं पाहावं. नुसतं 'सेन्सर' लिहिलेलं खेळणं घेऊ नये. आम्ही दोन घेतले, एक बेडरूममध्ये, एक पॅसेजमध्ये, स्वयंपाकघरापासून टेपने १० फूट मोजून. हिच्या लसणीच्या फोडणीला अजून एकदाही ओरडलेला नाही.

"आमच्या टॉवरमध्ये सिस्टीम आहे"

असेल. पण लॉबीतल्या छताची तबकडी आणि घरातली तबकडी यांत एक फरक आहे. घरातली स्वतः पाहते आणि स्वतःच ओरडते. लॉबीतली असते नुसती डिटेक्टर. ती पाहते आणि तारेतून खाली पॅनेलला कळवते. ओरडायचं काम पॅनेलचं, आणि पॅनेल असतं सिक्युरिटीच्या केबिनमध्ये. लाल दिवा म्हणजे आग, पिवळा म्हणजे बिघाड: कुठली तरी तार तुटली, डिटेक्टर निघाला, नाहीतर बॅटरी गेली. बझर वाजला की गप्प करायचं एक बटण असतं आणि ते दाबायला कोणालाही शिकवावं लागत नाही.

महाराष्ट्रात २००६चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यानुसार ज्या इमारतींना ही यंत्रणा लागते, त्यांनी परवानाधारक एजन्सीकडून ती तपासून दर जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा 'नमुना ब' दाखला द्यायचा असतो. सभासद म्हणून तो बघायला मागायला काहीच हरकत नाही. मी मागितला. कागद व्यवस्थित होता, शिक्क्यासकट.

मग मी आमच्या मजल्यावरच्या लॉबीत मान वर करून पाहिलं. डिटेक्टरवर नारिंगी प्लास्टिकची टोपी होती. बांधकाम चालू असताना धूळ जाऊ नये म्हणून कंपनी ती घालून देते आणि ताबा देताना काढायची असते. आम्हाला ताबा मिळून सहा वर्षं झाली. वरच्या मजल्यावर गेलो, तिथेही टोपी. सेक्रेटरींना फोन केला, शिडी मागवली आणि टोप्या काढेपर्यंत पॅनेल बघून यावं म्हणून खाली केबिनमध्ये गेलो. पॅनेलच्या खिळ्याला वॉचमनचा जेवणाचा डबा टांगलेला होता, त्याच्यामागे एक पिवळा दिवा लागलेला. मी विचारलं, हा कधीपासून?

"साहेब, तो मी आलो तेव्हापासून पिवळाच आहे."